अतिवेगवान सुपरकारांचे अभियांत्रिकी गणित : शक्ती, वायुरोध आणि टायर

सारांश

जगातील अतिवेगवान सुपरकारांविषयीची चर्चा बहुधा इंजिनाच्या अश्वशक्तीपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. ताशी ४०० कि.मी.च्या पुढे मात्र वेगाची मर्यादा एकटे इंजिन ठरवीत नाही. ती वायुरोध, उष्णता, टायर आणि उपलब्ध सरळ मार्ग हे घटक मिळून ठरवितात, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. १९८७ ते २०२५ या कालखंडातील निवडक मोटारींची उदाहरणे व साधी गणिते यांच्या आधारे ही भूमिका स्पष्ट केली असून, वेगाच्या विक्रमांची मोजणी कशी व्हावी या प्रश्नाचाही विचार केला आहे.

बीजशब्द : सुपरकार, वायुरोध, अश्वशक्ती, उत्थापक बल, टायर, वेगविक्रम, दुतर्फा मोजणी

प्रस्तावना

१९८७ साली इटलीतील फेरारी कंपनीने एफ-४० ही मोटार जगापुढे आणली. तिच्या २.९ लीटर क्षमतेच्या, दोन टर्बोचार्जर असलेल्या इंजिनाची शक्ती ४७८ अश्वशक्ती होती आणि कंपनीने जाहीर केलेला तिचा सर्वोच्च वेग ताशी ३२४ कि.मी. होता. त्यानंतर बत्तीस वर्षांनी, ऑगस्ट २०१९ मध्ये, जर्मनीतील एरा-लेसिन येथील चाचणी मार्गावर बुगाटी शिरॉन या मोटारीच्या खास आवृत्तीने ताशी ४९०.४८ कि.मी. वेग गाठला. तिच्या इंजिनाची शक्ती १६०० अश्वशक्ती होती.

या दोन मोटारींची तुलना उद्बोधक आहे. बत्तीस वर्षांत वेग वाढला तो सुमारे दीडपट; परंतु त्यासाठी लागलेली शक्ती मात्र तिपटीहून अधिक झाली. १.५ या संख्येचा घन ३.४ च्या जवळपास येतो, आणि १६०० ला ४७८ ने भागले असता उत्तर ३.३५ येते. हा केवळ योगायोग नव्हे. वेगवान मोटारींच्या साऱ्या अभियांत्रिकीच्या मुळाशी असलेला एक नियम या आकडेवारीतून डोकावतो. हा नियम कोणता, त्याच्यामुळे अभियंत्यांपुढे कोणत्या अडचणी उभ्या राहतात आणि त्यांवर कोणते उपाय योजले गेले, याचा परामर्श घेणे हा या लेखाचा उद्देश आहे.

‘सुपरकार’ या शब्दाची सर्वमान्य व्याख्या नाही. १९६६ साली जिनिव्हा येथील प्रदर्शनात मांडलेली, चालकाच्या आसनामागे इंजिन असलेली लॅम्बोर्गिनी म्युरा ही अनेकांच्या मते पहिली सुपरकार होय. अलीकडे एक हजार अश्वशक्तीच्या आसपासच्या व त्यापुढील मोटारींना ‘हायपरकार’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. या लेखात मात्र सार्वजनिक रस्त्यासाठी बांधलेल्या व विक्रीस ठेवलेल्या अतिवेगवान मोटारींना सरसकट ‘सुपरकार’ असेच संबोधिले आहे. केवळ विक्रमासाठी बांधलेली जेटवाहने व शर्यतीच्या मोटारी या विवेचनात अभिप्रेत नाहीत.

वेग आणि शक्ती यांचा संबंध

मोटार पुढे जाताना तिला मुख्यतः दोन विरोधांवर मात करावी लागते. एक टायर व रस्ता यांमधील लोटण-विरोध आणि दुसरा हवेचा विरोध म्हणजेच वायुरोध. शहरातील वेगाला पहिला महत्त्वाचा असतो. परंतु वेग वाढू लागला की दुसरा त्याला झपाट्याने मागे टाकतो. वायुरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की तो चौपट होतो. शक्ती म्हणजे बल व वेग यांचा गुणाकार असल्यामुळे वायुरोधावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट हवा असेल तर शक्ती आठपट लागते.

हा नियम आकड्यांत पाहिल्यास अधिक स्पष्ट होईल. एखाद्या मोटारीचा वायुरोध गुणांक व तिचे समोरून दिसणारे क्षेत्रफळ यांचा गुणाकार ०.७५ चौरस मीटर आहे असे मानू. रुंद टायर, हवा आत घेणारी मोठी तोंडे आणि रुंद बांधा असलेल्या सुपरकारच्या बाबतीत हे गृहीत अवास्तव नाही. हवेची घनता दर घनमीटरला १.२ कि.ग्रॅ. धरली, तर केवळ हवा कापण्यासाठी लागणारी शक्ती पुढीलप्रमाणे येते.

ताशी १०० कि.मी. : सुमारे १० किलोवॅट (१३ अश्वशक्ती)
ताशी २०० कि.मी. : सुमारे ७७ किलोवॅट (१०५ अश्वशक्ती)
ताशी ३०० कि.मी. : सुमारे २६० किलोवॅट (३५४ अश्वशक्ती)
ताशी ४०० कि.मी. : सुमारे ६१७ किलोवॅट (८३९ अश्वशक्ती)
ताशी ४९० कि.मी. : सुमारे ११३५ किलोवॅट (१५४३ अश्वशक्ती)

वरील आकडे बारकाईने पाहावेत. वेग १०० वरून ११० करण्यास जेमतेम तीन किलोवॅट अधिक लागतात. ४०० वरून ४१० करण्यास मात्र सुमारे ४७ किलोवॅट, म्हणजे एखाद्या लहान कौटुंबिक मोटारीच्या संपूर्ण इंजिनाएवढी शक्ती, केवळ दहा कि.मी.साठी खर्ची पडते. वेगाचा प्रत्येक पुढचा टप्पा आधीच्या टप्प्यापेक्षा महाग होत जातो तो या कारणाने.

शक्तीचा उगम : इंजिन

अधिक शक्ती मिळवायची म्हणजे दर सेकंदाला अधिक इंधन जाळायचे, आणि अधिक इंधन जाळायचे म्हणजे इंजिनात अधिक हवा कोंबायची. त्यासाठी तीन मार्ग उपलब्ध असतात : इंजिनाचे आकारमान वाढविणे, त्याच्या फेऱ्या वाढविणे किंवा हवा दाबून आत सोडणे.

१९९० च्या दशकात ब्रिटनमधील मॅक्लारेन कंपनीने पहिल्या दोन मार्गांचा अवलंब केला. गॉर्डन मरे यांच्या आराखड्यानुसार बनलेल्या मॅक्लारेन एफ-१ मध्ये बीएमडब्ल्यूचे ६.१ लीटरचे बारा सिलिंडरांचे इंजिन होते. त्यास टर्बोचार्जर नव्हता. ६२७ अश्वशक्ती आणि सुमारे ११४० कि.ग्रॅ. एवढेच वजन यांच्या बळावर, फेऱ्यांची मर्यादा शिथिल केल्यानंतर, मार्च १९९८ मध्ये या मोटारीने एरा-लेसिन येथे दोन्ही दिशांची सरासरी ताशी ३८६.४ कि.मी. नोंदविली. पुढील कित्येक वर्षे हा आकडा मानदंड होऊन राहिला.

फोक्सवॅगन समूहाने १९९८ साली बुगाटी हे नाव विकत घेतले, तेव्हा समूहाचे प्रमुख फर्डिनांड पीएश यांनी एक हजार अश्वशक्ती व ताशी चारशे कि.मी.हून अधिक वेग असे लक्ष्य ठरवून दिले. त्यातून २००५ मध्ये व्हेरॉन ही मोटार साकारली. तिच्या आठ लीटरच्या इंजिनात सोळा सिलिंडर आहेत. ते एका ओळीत मांडले असते तर इंजिन मोटारीत मावलेच नसते. म्हणून अरुंद कोनाचे आठ-आठ सिलिंडरांचे दोन गट एकाच दंडावर बसवून इंग्रजी ‘डब्ल्यू’ अक्षराच्या आकाराची रचना केली गेली. त्यास चार टर्बोचार्जर जोडले. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंनी एक चक्र फिरते व त्याच आसावरील दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरांत ढकलते, हे टर्बोचार्जरचे तत्त्व होय. अन्यथा वाया जाणारी ऊर्जा अशा प्रकारे कामी येते. मात्र कमी फेऱ्यांवर वायूंचा जोर अपुरा पडून शक्ती मिळण्यास क्षणभर विलंब होतो. शिरॉनमध्ये आरंभी दोनच टर्बोचार्जर कार्यरत ठेवून व फेऱ्या वाढल्यावर उरलेले दोन त्यांच्या साथीला आणून हा दोष कमी करण्यात आला.

उष्णतेचा प्रश्न

इंजिनात जाळलेल्या इंधनातील ऊर्जेचा लहानसा भागच चाकांपर्यंत पोहोचतो. कार्यक्षमता ३० टक्के धरली, तर व्हेरॉनच्या १००१ अश्वशक्तीसाठी, म्हणजे ७३६ किलोवॅट यांत्रिक शक्तीसाठी, सुमारे २४५० किलोवॅट एवढी उष्णता निर्माण करावी लागते. उरलेले सतराशे किलोवॅट धुराड्यावाटे आणि शीतकांवाटे बाहेर टाकले नाहीत, तर इंजिन अल्पावधीतच निकामी होईल. व्हेरॉनमध्ये दहा रेडिएटर बसवावे लागले ते याचसाठी. इंजिनाचे पाणी, इंजिनाचे तेल, गिअरबॉक्सचे तेल, दाबल्यामुळे तापलेली हवा अशा प्रत्येकाची शीतनव्यवस्था स्वतंत्रपणे लावावी लागते. मॅक्लारेन एफ-१ च्या इंजिनकक्षाला आतून सोन्याचा पातळ पत्रा लावलेला होता. त्यामागे ऐश्वर्याचे प्रदर्शन नव्हते, तर सोने उष्णतेचे उत्तम परावर्तन करते हे व्यावहारिक कारण होते.

येथे एक पेच उद्भवतो. रेडिएटरला हवा हवी, म्हणून मोटारीच्या अंगाला तोंडे ठेवावी लागतात. परंतु प्रत्येक तोंड वायुरोधात भर घालते. म्हणजे अधिक शक्तीसाठी अधिक शीतन, अधिक शीतनासाठी अधिक वायुरोध आणि त्यावर मात करण्यासाठी पुन्हा अधिक शक्ती, असे हे दुष्टचक्र आहे. उत्तम सुपरकार म्हणजे या चक्रातून काढलेली तडजोड होय.

आकार : हवेला वाट देण्याची कला

शक्ती वाढविण्याला पर्याय म्हणजे वायुरोध कमी करणे. स्वीडनमधील कोनिगसेग कंपनीने जेस्को ॲब्सोल्यूट या मोटारीसाठी हा मार्ग निवडला. कंपनीने जाहीर केल्यानुसार तिचा वायुरोध गुणांक ०.२७८ आणि समोरील क्षेत्रफळ १.८८ चौरस मीटर आहे. या दोहोंचा गुणाकार ०.५२ येतो. वर दिलेल्याच पद्धतीने हिशेब केल्यास ताशी ४९० कि.मी. वेगाला हवा कापण्यासाठी ११३५ ऐवजी सुमारे ७९० किलोवॅट पुरतात. साडेतीनशे किलोवॅटची ही बचत इंजिनात काहीही न वाढविता, केवळ आकारातून झालेली आहे. शिरॉनच्या विक्रमी आवृत्तीची शेपटीही याच हेतूने सुमारे २५ सेंटिमीटरने लांबविली होती. मोटारीच्या मागे हवेची जी भोवरेदार पोकळी तयार होते, ती लांब व निमुळत्या शेपटीमुळे लहान होते आणि मोटारीला मागे खेचणारे बल घटते.

परंतु हवा केवळ अडवीत नाही, ती उचलतेही. ताशी १०० कि.मी. वेगाला हवेचा गतिजन्य दाब दर चौरस मीटरला सुमारे ४७ कि.ग्रॅ. वजनाइतका असतो, ताशी ४९० कि.मी. ला तो ११०० कि.ग्रॅ. वजनाच्याही पुढे जातो. अशा स्थितीत मोटारीच्या आकारामुळे वर उचलणारे अल्पसे बल जरी निर्माण झाले, तरी त्याचा परिणाम शेकडो किलोंचा होतो आणि चाकांची रस्त्यावरील पकड सुटू लागते. १९९९ सालच्या ल मान्स येथील शर्यतीच्या निमित्ताने मर्सिडीज सीएलआर या शर्यतीच्या मोटारी धावता धावता अक्षरशः हवेत उडाल्या होत्या. मोटारीच्या नाकाखाली हवा शिरून ते उचलले गेले, की पुढचे सारे चालकाच्या हातचे राहत नाही.

यावर उपाय म्हणजे पंख व तळाच्या विशिष्ट रचनेद्वारे मोटारीला खाली दाबणारे बल निर्माण करणे. मात्र मोठ्या पंखाने वायुरोधही वाढतो. म्हणून व्हेरॉनमध्ये दोन अवस्था योजल्या. नेहमीच्या वेगवान प्रवासात पंख वर येऊन मोटारीला खाली दाबतो. सर्वोच्च वेग हवा असेल, तेव्हा मोटार उभी असताना एक निराळी किल्ली फिरवावी लागते. मग मोटारीचा तळ रस्त्यापासून सुमारे साडेसहा सेंटिमीटरपर्यंत खाली उतरतो, पंख बराचसा आत जातो आणि वायुरोध घटतो. म्हणजे सर्वोच्च वेग ही या मोटारीची सहज अवस्था नव्हे. ती हेतुपुरस्सर स्वीकारलेली, अपवादात्मक अवस्था आहे.

टायर : खरी मर्यादा

शक्ती व आकार यांचा प्रश्न सुटला तरी एक घटक शिल्लक राहतो आणि तोच सर्वांत दुर्बळ ठरतो. मोटारीचा रस्त्याशी संबंध येतो तो टायरच्या चार लहानशा ठशांपुरता. इंजिनाची सारी शक्ती, ब्रेकचे सारे बल आणि दिशा बदलण्याची सारी क्षमता त्या ठशांतून रस्त्यापर्यंत पोहोचते.

टायरची त्रिज्या ०.३५ मीटर धरल्यास ताशी ४९० कि.मी. वेगाला चाक दर सेकंदाला सुमारे ६२ फेरे घेते. या गतीला टायरच्या बाह्य पृष्ठावरील प्रत्येक कणाचे केंद्राकडील त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ५४०० पट होते. म्हणजे टायरच्या पृष्ठावरील एक ग्रॅम रबर जागच्या जागी धरून ठेवण्यास सुमारे ५.४ कि.ग्रॅ. वजनाइतके बल लागते. ताशी १०० कि.मी.ला हेच बल पाव किलोहूनही कमी असते. बाहेर फेकले जाऊ पाहणाऱ्या या रबराला बांधून ठेवण्याचे काम टायरच्या आतील तारांचे व तंतूंचे पट्टे करतात.

दुसरी अडचण उष्णतेची. टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो तो दबून सपाट होतो आणि पुढच्याच क्षणी पुन्हा गोल होतो. ताशी ४९० कि.मी. वेगाला हे वाकणे-उलगडणे प्रत्येक ठिकाणी सेकंदाला ६२ वेळा घडते. प्रत्येक वेळी थोडी ऊर्जा रबरात उष्णतेच्या रूपाने मुरते. एका विशिष्ट वेगापलीकडे तर दबलेला भाग मूळ आकारात येण्यापूर्वीच त्याची पुन्हा टेकण्याची वेळ येते व टायरच्या पृष्ठावर लाटा उमटू लागतात. या अवस्थेत तापमान झपाट्याने चढते आणि टायर फुटण्यास फारसा अवधी लागत नाही.

टायरच्या कडेवर छापलेले वेगाचे अक्षर या मर्यादेचेच निदर्शक आहे. ‘एच’ म्हणजे ताशी २१० कि.मी., ‘व्ही’ म्हणजे २४०, ‘डब्ल्यू’ म्हणजे २७० आणि ‘वाय’ म्हणजे ३००. त्यापुढे नेहमीची वर्गवारीच संपते व उत्पादकाला त्या विशिष्ट मोटारीसाठी स्वतंत्र हमी द्यावी लागते. शिरॉनच्या विक्रमासाठी मिशेलिन कंपनीने बळकट केलेले टायर पुरविले होते आणि आतील पट्ट्यांत कोठे दोष राहिलेला नाही ना, हे पाहण्यासाठी बसविण्यापूर्वी त्यांची क्ष-किरण तपासणी केली होती.

या संदर्भात एक गोष्ट विशेष बोलकी आहे. २०१० साली व्हेरॉन सुपर स्पोर्टने ताशी ४३१.०७ कि.मी. असा दुतर्फा विक्रम केला. परंतु ग्राहकांना दिलेल्या मोटारी, टायरच्या सुरक्षिततेसाठी, ताशी ४१५ कि.मी.वर मर्यादित करण्यात आल्या. शिरॉनच्या बाबतीतही विक्रम ४९० चा आणि ग्राहकांच्या मोटारींवरील मर्यादा ४४० ची होती. विक्रमाचा वेग आणि ग्राहकाला दिलेला वेग यांतील हे अंतर म्हणजे, इंजिन जे करू शकते त्याची हमी टायर देऊ शकत नाही, याची उत्पादकाने दिलेली कबुलीच होय.

थांबण्याचे गणित

गतिज ऊर्जाही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दोन टन वजनाच्या मोटारीत ताशी ४९० कि.मी. वेगाला साठलेली ऊर्जा १८५ लाख जूल इतकी भरते. तीच मोटार सुमारे ९४० मीटर उंचीवरून खाली सोडली असता जमिनीवर आदळताना तिच्यात जेवढी ऊर्जा असेल, तेवढी ही आहे. गुरुत्वत्वरणाइतक्या मंदनाने, म्हणजे उत्तम कोरड्या रस्त्यावर सामान्य मोटार जेवढ्या जोराने थांबू शकते तेवढ्या जोराने, ब्रेक लावल्यास ती थांबेपर्यंत सुमारे ९४० मीटर अंतर कापले जाईल. धोका ओळखून ब्रेकवर पाय पडेपर्यंतच्या एका सेकंदात निघून जाणारे १३६ मीटर वेगळेच.

एवढी ऊर्जा काही सेकंदांत उष्णतेत रूपांतरित होत असताना लोखंडी चकत्यांना तिचा ताप सोसत नाही. म्हणून कार्बन तंतू व सिरॅमिक यांच्या मिश्रणाच्या चकत्या वापरल्या जातात. व्हेरॉनमध्ये त्यांच्या जोडीला हवेचीही मदत घेतली आहे. अतिवेगात ब्रेक दाबताच मागील पंख उभा होतो आणि विमानाच्या हवाब्रेकप्रमाणे मोटारीला मागे रोखतो. जो वायुरोध वेग गाठताना शत्रू होता, तोच थांबताना मित्र बनतो.

विक्रमाची मोजणी आणि सत्यता

आजवरच्या विवेचनावरून हे लक्षात येईल की, अतिवेगाच्या कक्षेत दहा-पंधरा कि.मी.चा फरक हा फार मोठा अभियांत्रिकी पराक्रम असतो. म्हणूनच तो फरक खरा आहे की नाही, हे तपासण्याची पद्धती तितकीच काटेकोर असावी लागते.

पहिला प्रश्न वाऱ्याचा. ताशी १८ कि.मी. वेगाचा, म्हणजे झुळुकीहून थोडासा जोरकस असा, वारा मागून वाहत असेल, तर हवेच्या विरोधावरील वरील गणितानुसार मोटारीचा सर्वोच्च वेग सुमारे १२ कि.मी.ने वाढतो. समोरून वाहत असेल तर जवळपास तेवढाच घटतो. म्हणून एकाच मार्गावर दोन्ही दिशांना धावून त्यांची सरासरी घेण्याचा संकेत रूढ झाला. अशा सरासरीत वाऱ्याचा व मार्गाच्या उताराचा लाभ बहुतांशी वजा होतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये अमेरिकेतील नेवाडा राज्यात, बंद केलेल्या सार्वजनिक रस्त्यावर, कोनिगसेग अजेरा आरएसने सुमारे ४४७ कि.मी.ची दुतर्फा सरासरी नोंदविली, तेव्हा दोन दिशांच्या वेगांत वीस कि.मी.हून अधिक फरक होता. एकच फेरी धरली असती, तर विक्रम कोणती फेरी निवडली यावर अवलंबून राहिला असता. बुगाटीची २०१९ ची धाव व फेब्रुवारी २०१४ मध्ये केनेडी अंतराळ केंद्रावर हेनेसी व्हेनम जीटीने गाठलेला ४३५.३१ कि.मी.चा वेग हे दोन्ही एकतर्फी होते. म्हणून त्यांची गणना दुतर्फा विक्रमांत होत नाही.

दुसरा प्रश्न मोजणीच्या विश्वासार्हतेचा. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेतील एसएससी कंपनीने, आपल्या तुआतारा या मोटारीने नेवाडातील रस्त्यावर ताशी ५०८.७३ कि.मी. अशी दुतर्फा सरासरी गाठल्याचे जाहीर केले. धावेची चित्रफीतही प्रसिद्ध झाली. अभ्यासू दर्शकांनी रस्त्यालगतच्या खुणांमधील अंतरे नकाशावर मोजली, चित्रफितीतील त्याच खुणा ओलांडण्यास लागलेला वेळ पाहिला आणि अंतराला वेळाने भागले. शालेय पाठ्यपुस्तकातील हे साधे सूत्र लावले असता उत्तर दाव्यापेक्षा बरेच कमी आले. प्रकरण वाढत जाऊन जुलै २०२१ मध्ये तो वेग गाठला गेला नव्हता, असे कंपनीने मान्य केले. दरम्यान, जानेवारी २०२१ मध्ये त्याच मोटारीने फ्लोरिडात ४५५.३ कि.मी.ची दुतर्फा सरासरी नोंदविली होती. हा आकडा स्वतःच असामान्य होता. परंतु आधीच्या दाव्याच्या छायेत तो झाकोळला गेला. प्रमाणाशिवायचा दावा खऱ्या कर्तृत्वाचीही हानी करतो, हा या घटनेचा बोध होय.

तिसरा प्रश्न मार्गाचा. सर्वोच्च वेगाच्या जवळ जाताना शिल्लक शक्ती जवळपास संपलेली असते, त्यामुळे शेवटचे काही कि.मी. वेग वाढण्यास फार मोठे अंतर लागते. एरा-लेसिन येथील सरळ पट्टा सुमारे ८.८ कि.मी. लांबीचा आहे, ताशी ४९० कि.मी. वेगाने तो अवघ्या ६५ सेकंदांत संपतो. असे सपाट व सुरक्षित मार्ग जगात मोजकेच आहेत. मध्य प्रदेशात पीथमपूर येथे २०२१ मध्ये सुरू झालेला ‘नॅट्रॅक्स’ केंद्राचा ११.३ कि.मी. परिघाचा अतिवेग मार्ग हे आपल्या देशातील उदाहरण होय. मात्र तो लंबवर्तुळाकार असल्याने त्याचा सलग सरळ भाग एकूण लांबीच्या मानाने मर्यादित आहे.

विद्युत सुपरकार

गेल्या काही वर्षांत या क्षेत्रात विद्युत मोटारींनी प्रवेश केला आहे. क्रोएशियातील रिमॅक कंपनीच्या नेव्हेरा या मोटारीने नोव्हेंबर २०२२ मध्ये जर्मनीतील पापेनबुर्ग येथे ताशी ४१२ कि.मी. वेग गाठला. मुंबईच्या महिंद्रा समूहाने २०१८ मध्ये स्थापन केलेल्या ऑटोमोबिली पिनिनफरिना या कंपनीची १९०० अश्वशक्तीची बॅटिस्टा ही मोटारही रिमॅकच्याच तंत्रज्ञानावर आधारलेली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये चीनच्या बीवायडी समूहातील यांगवांग यू-९ एक्स्ट्रीम या मोटारीने पापेनबुर्ग येथेच, जर्मन चालक मार्क बासेंग यांच्या हाती, ताशी ४९६.२२ कि.मी. वेग नोंदविला. हीदेखील एकाच दिशेची धाव होती.

विद्युत मोटारीत प्रत्येक चाकाला स्वतंत्र विद्युतयंत्र देता येते व त्याचे बल क्षणोक्षणी कमीअधिक करता येते. टर्बोचार्जरचा विलंबही नसतो. परंतु विद्युतयंत्राची गती वाढली की त्यातच उलट दिशेचा विद्युतदाब निर्माण होऊन शक्ती घसरू लागते. त्यावर मात करण्यासाठी यांगवांगने १२०० व्होल्टची प्रणाली योजली. दुसरी अडचण बॅटरीची. तिच्या चार यंत्रांची एकत्रित शक्ती सुमारे तीन हजार अश्वशक्ती, म्हणजे २२०० किलोवॅट आहे. एवढी शक्ती एक मिनिटभर सलग वापरल्यास सुमारे ३७ युनिट वीज, म्हणजे एखाद्या लहान विद्युत मोटारीची संपूर्ण बॅटरी, रिकामी होईल. इंधन बदलले, यंत्र बदलले. घनाचा नियम व टायरची मर्यादा मात्र तशीच राहिली.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. एक, शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात लागत असल्यामुळे केवळ अश्वशक्ती वाढवून वेग वाढविण्याचा मार्ग उत्तरोत्तर अधिक खर्चिक होतो. आकारातील सुधारणा अनेकदा अधिक फलदायी ठरते. दोन, ताशी ४०० कि.मी.च्या पुढे निर्णायक घटक टायर हाच असून, ग्राहकांसाठीच्या वेगमर्यादा त्याचीच साक्ष देतात. तीन, दोन्ही दिशांच्या, त्रयस्थांनी तपासलेल्या मोजणीशिवाय वेगाचा कोणताही दावा पूर्णार्थाने विक्रम ठरत नाही.

या अभ्यासाचे महत्त्व मूठभर श्रीमंतांच्या मोटारींपुरते नाही. जे नियम ताशी ४९० कि.मी.ला लागू पडतात, तेच आपल्या रस्त्यांवरही लागू आहेत. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० कि.मी.ची मर्यादा आहे. जुन्या रस्त्यांवर ८० च्या वेगाने चालविण्याची सवय असलेला चालक तेथे १२० ने जाऊ लागतो, तेव्हा वेग दीडपट झालेला असतो. परंतु टायरला फाडू पाहणारे बल आणि थांबण्यास लागणारे ब्रेकचे अंतर सव्वादोन पट झालेले असते. त्यातच टायर झिजलेला वा कमी हवेचा असेल, तर तो अधिक वाकतो, अधिक तापतो आणि शेवटी फुटतो. या महामार्गावरील अपघातांच्या कारणांत टायर फुटण्याचा उल्लेख वारंवार झाला व परिवहन विभागाला प्रवेशाच्या ठिकाणी टायरतपासणी हाती घ्यावी लागली, हे सर्वश्रुत आहे. कोट्यवधी रुपयांच्या मोटारीचे टायर बसविण्यापूर्वी क्ष-किरणांनी तपासले जातात. सामान्य कुटुंबाच्या मोटारीला निदान हवेचा दाब मोजण्याचे साधे उपकरण पुरेसे आहे. वेगाच्या विज्ञानाने दिलेला हा धडा प्रत्येक चालकाने आत्मसात करावा, इतका तो सोपा आणि मोलाचा आहे.